तारकर्लीला सकाळी पाणी काचेसारखं होतं, मग आम्ही वाहत कसे गेलो?

वल्हेवाला

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेरीस देवबागला जाऊन आलो. चौघं जण, फुगवायचे, उभं राहून वल्हवायचे दोन पॅडलबोर्ड, आणि पुण्याहून रात्रभर गाडी हाकल्यावर अंगात येते ती खुमखुमी. सकाळी सातला किनाऱ्यावर. समुद्र असा की परातीत पाणी ओतून ठेवलंय. लाट नाही, वारा नाही, आमच्या घरमालकिणीच्या चुलीचा धूर सरळ वर. हवामानाच्या ॲपवर पूर्वेकडून ७ नॉट वारा. म्हटलं ७ नॉट म्हणजे काय, पंखा दोनवर.

मी आणि एक मित्र निघालो. काय सुरेख चाललं होतं! वल्हं एकदा मारावं आणि बोर्ड चार हात पुढे. पवना धरणावरचा सराव फळाला आला असंच वाटलं. वीसेक मिनिटांनी मागे पाहिलं तर बायको काडीएवढी दिसत होती. वळलो. तिथून पुढे पाऊण तास आम्ही वल्ही मारतोय आणि किनाऱ्यावरचं निळं ताडपत्रीचं छत आहे तिथेच. उभं राहिलं की मागे, गुडघ्यावर बसलं की जागच्या जागी. शेवटी पोटावर पडून हातांनी पाणी ओढायला लागलो. एका मच्छीमार काकांनी इंजिनाची होडी आणली आणि एक शब्द न बोलता दोर टाकला. ते काही बोलले नाहीत हेच जास्त लागलं.

दुपारी तीनला त्याच जागी भाड्याची कयाक घेतली तर सगळं उलटं. बाहेरच जाऊ देईना. लाटा तोंडावर, दोनदा पालथे.

म्हणजे सकाळी आत येऊ देत नाही आणि दुपारी बाहेर जाऊ देत नाही. मग जायचं कधी? आणि ॲप खोटं बोलतं का?

काठावरचा

पहिला प्रश्न माझा. लाइफ जॅकेट होतं का?

वल्हेवाला

होतं.

बोर्डावर, पुढच्या रबरी दोरीखाली.

काठावरचा

छान. बोर्ड बुडला नसता याची खात्री झाली.

रापणकर

भावा, तुका सकाळी गावलो तो मतलयचो वारो. ॲपात बघलंस तां बरां केलंस, पण माडाच्या चुडतांकडे बघूक व्हया होतां. शेंड्याची चुडता दर्याकडे झुकलेली असली, की पाणी कितीय गप दिसांदे, भायर जाव नको.

सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो. चुडतं म्हणजे माडाच्या झावळ्या. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. मतलई वारा जमिनीवरून, म्हणजे आमच्याकडे नदीवरून येतो, माडांना अडतो आणि वरून निघून जातो. त्यामुळे किनाऱ्यावर उभ्या माणसाला वारा लागतच नाही. चुलीचा धूर सरळ वर गेला म्हणतोस, तो माडांच्या आत होता. हाच वारा दीडशे-दोनशे मीटर बाहेर गेल्यावर पाण्यावर उतरतो. तिथून पुढे तुला वाटतं की माझे हात चालतायत. हात कसले, पाठीवर वारा होता.

लाट नव्हती तेही त्याच्यामुळेच. वारा जमिनीवरून येतो तेव्हा लाट उठायला त्याला अंतरच मिळत नाही. किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत, बाहेर जाशील तशी बारीक खळबळ. तुला काच दिसली ती फक्त कडेची.

आमचे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते. शिडाच्या होड्या पहाटे मतलयवर बाहेर जायच्या आणि दुपारी दर्याच्या वाऱ्यावर परत यायच्या. फुकटचं इंजिन. तुम्ही अर्धंच वापरलंत, जायचं. यायचं इंजिन बारानंतर सुरू होतं.

पर्थवासी

रापणकरांचं वाचून हसू आलं, कारण इथे ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात अगदी हेच चालतं. सकाळी वाळवंटाकडून पूर्वेचा वारा, दुपारी समुद्रावरून नैर्ऋत्येचा. दुपारच्या वाऱ्याला लोक लाडाने ‘फ्रीमँटल डॉक्टर’ म्हणतात, कारण तो आला की तापलेल्या शहराला बरं वाटतं. फरक एवढाच की इथे दोन्ही वारे तुमच्यापेक्षा जोरकस. फुगवलेल्या खेळण्यांवर बसलेली मुलं सकाळच्या वाऱ्याने बाहेर जातात, तो प्रकार इथल्या जीवरक्षकांच्या पाचवीला पुजलेला.

ढगोबा

ॲप खोटं बोललं नाही, त्याची नजर जाड आहे. बहुतेक ॲपं दोन जागतिक हवामान मॉडेलांचे आकडे दाखवतात. मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडतं आणि एका चौकटीला एकच आकडा देतं. युरोपीय मॉडेलची एक चौकट साधारण ९ किलोमीटरची, अमेरिकी मॉडेलचे जे आकडे ॲपवर येतात ते बऱ्याचदा २५-२७ किलोमीटरच्या चौकटीचे. देवबागची पट्टी काही ठिकाणी दोन-तीनशे मीटरही रुंद नाही. म्हणजे मॉडेलच्या लेखी तुमचे माड, नदी, समुद्र आणि मागची टेकाडं सगळी एकाच वाटीत कालवलेली. वर ७ नॉट ही सरासरी, जमिनीपासून १० मीटर उंचीची. झोताचा, म्हणजे मधेच सुटणाऱ्या जोराच्या वाऱ्याचा आकडा वेगळ्या ओळीत असतो. तो पाहिला होता का?

आणि ७ नॉट म्हणजे ‘पंखा दोनवर’ नव्हे. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, तर ७ नॉट म्हणजे ताशी १३. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. बाहेर तोच वारा १४ झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट. बोर्डावर उभा राहिलेला माणूस म्हणजे शीडच. तुम्ही गुडघ्यावर बसल्यावर मागे जाणं थांबलं ते शीड उतरवल्यामुळे.

दुपारचंही सांगून टाकतो. ऊन चढलं की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिथली हवा वर जाते आणि तिच्या जागी समुद्रावरची थंड हवा आत येते. हे खारे वारे. सुरुवातीला सरळ पश्चिमेकडून येतात, मग पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळत वायव्येचे होतात. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर मुळातच उत्तरेकडचा वारा असतो, तोही त्यात मिसळतो. दोन ते चारच्या दरम्यान जोर सगळ्यात जास्त, १० ते १५ नॉट सहज. मार्च ते मे याहून थोडा अधिकच.

मीठभाकर

मग मधला वेळ? मी पोहते, मालवणला दरवर्षी जाते. मला सकाळी नऊ-साडेनऊच्या पुढे तासभर सगळं थांबल्यासारखं वाटतं. उकडायला लागतं, पाण्यावर सुरकुतीही नसते.

रापणकर

बरोबर ताई, मतलय मरतो आणि दर्याचा वारा यायचा असतो तो हा वेळ. आमच्याकडे थंडीत साडेनऊ ते अकरा धरा. तेव्हाची काच खरी. आणि संपली कधी ते कळतं. पश्चिमेला, जिथे आकाश टेकतं तिथे, पाण्यावर काळसर रेघ दिसते. ती रेघ म्हणजे वारा. पंधरा-वीस मिनिटांत अंगावर येते. रेघ दिसली की वल्हं किनाऱ्याकडे.

चौपाटीकर

मी मुंबईत गिरगावच्या बाजूला छोट्या शिडाच्या होड्या चालवतो. ‘साडेनऊ ते अकरा’ पाठ करू नका, तो वेळ रोज सरकतो. ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये मुंबईचा पारा अचानक चढतो तेव्हा वेधशाळा काय सांगते आठवा: ‘समुद्री वारे उशिरा स्थिरावले’. पूर्वेचा वारा जोरात असला की तो खाऱ्या वाऱ्याला दुपारी दोन-दोनपर्यंत थोपवून धरतो. गावात लोक घामाने निथळत असतात आणि आम्ही शीड उभारून पुतळ्यासारखे बसलेले. म्हणून मी घड्याळापेक्षा तापमानाकडे बघतो. दहालाच कडकडीत तापलंय आणि पूर्वेचा वारा पडलेला नाही, तर त्या दिवशी लहान मुलांच्या होड्या पाण्यात उतरवत नाही.

दुसरं, वायव्येचा वारा आमच्याकडे मलबार हिलवरून उडी मारून येतो. चौपाटीजवळ काही नाही, मग एकदम थप्पड, परत काही नाही. उघड्या समुद्रातल्या १५ नॉटला मी घाबरत नाही, टेकडीमागच्या ८-१८-८ ला घाबरतो. देवबागचे माड ही तीच गोष्ट, छोट्या प्रमाणात.

पवनाकाठ

पवनेचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. धाग्याच्या मालकांना तिथल्या सरावाने फसवलं असं मला वाटतं. धरणावर वाहून गेलात तरी कुठल्या तरी काठाला लागता, शिव्या खात पायी परत येता. समुद्रात मतलईच्या दिशेला पलीकडचा काठ म्हणजे ओमान.

पण धरण साधं समजू नका. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे डोंगर भोवती, त्यामुळे वारा एका दिशेने कधी येतच नाही. एका वळणावर पाठीवर, पुढच्या वळणावर तोंडावर. एप्रिल-मे तर वळवाचे दिवस. दुपारी ढगांचे मनोरे चढतात, आपण म्हणतो लांब आहेत. मग वारा एकदम पडतो, उकाडा दाटतो, आणि ढगाखालून थंडगार झोत सुटतो. पाऊस नंतर येतो, झोत आधी. गेल्या मे महिन्यात मी काठापासून शंभर मीटरवर होतो. ओल्या मातीचा वास आला, अंगावर काटा आला, आणि मी वल्हं उचलेपर्यंत कयाकचं तोंड फिरलेलं. काठावरच्या तंबूवाल्यांचा एक अख्खा तंबू, आत गादीसह, माझ्या डोक्यावरून गेला. हसू नका, खरंच गेला.

माझा नियम: गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आत नाही.

काठावरचा

गादीचं काय झालं?

पवनाकाठ

तरंगली. लाइफ जॅकेटपेक्षा बरी.

पतंगबाज

गोव्यातून. इथे मोरजी-मांद्र्याला आम्ही काइट, म्हणजे बोर्डावरच्या माणसाला ओढणारा मोठा पतंग घेऊन दुपारच्या ज्या वाऱ्यासाठी जीव टाकतो, त्यालाच तुम्ही लोक शिव्या घालताय! आमचा मोसम साधारण जानेवारीअखेर ते एप्रिल. किनारा पश्चिमेकडे तोंड करून, वारा वायव्येचा, म्हणजे तिरका आत येणारा. काही बिघडलं तर वाळूवर आणून टाकतो. माझं वजन ७५, १४ नॉटला १२ चौरस मीटरची काइट पुरते. दीड वाजता वाळूत बसायचं, लाटांवर पांढरे तुरे दिसायला लागले की पंप मारायला घ्यायचा. अधूनमधून तुरे म्हणजे ८-१०, सगळीकडे तुरे म्हणजे १२ च्या पुढे. हा हिशेब मला कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचा वाटतो.

पूर्वेच्या वाऱ्यात मात्र आमच्यापैकी कोणी काइट उघडत नाही. किती का छान असेना. हे शिकवणीच्या पहिल्या दिवशी सांगतात. पॅडलबोर्डवाल्यांना कोण सांगतं? बोर्ड ऑनलाइन येतो, पंपासकट, आणि सोबतच्या कागदावर ‘मौज करा’.

वल्हेवाला

आमच्या कागदावर तेही नव्हतं.

झोताची ओळ आज उघडून पाहिली. त्या दिवशी सकाळी आठला १३ होती. डोळ्यांसमोर होती आणि मी वाचली नव्हती.

पुढच्या वेळी समुद्र नको, नदीतच जावं असं मनात आहे. कर्लीत काय धोका?

मीठभाकर

पायाला बांधायची दोरी वापरता ना? समुद्रात ती घोट्याला हवीच, बोर्ड सुटून वाऱ्यावर गेला तर पोहून सापडत नाही. पण वाहत्या नदीत घोट्याला नको. बोर्ड एका बाजूने आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने खुंटाला किंवा नांगराच्या दोराला अडकलात तर प्रवाहात घोट्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी.

रापणकर

नदी बरी, पण संगमापासून लांब. लोक त्सुनामी आयलंड बघायला जातात तिथून पुढे नदीचं तोंड. सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, दुपारचा वारा आत येतो, आणि दोघांची तिथे टक्कर. पाणी उभं राहतं. लाट मोठी नसते, पण आखूड आणि खडी, एकीतून सावरायच्या आत दुसरी. मोठ्या इंजिनाच्या होड्यासुद्धा तिथे वेग कमी करतात.

म्हणून भरती चालू असताना जा. चुकलास तरी पाणी तुला आत नेईल, गावाकडे. सुकतीत चुकलास तर बाहेर. भरतीची वेळ काढायला ॲप नको. तिथीची पाऊणपट कर. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. हा हिशेब मुंबईचा. आमच्याकडे भरती तासभर आधी येते, तेवढं वजा कर. पुनव-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी जोरात धावतं. अष्टमी-नवमीला भांग, सगळ्यात मंद. आमच्याकडे पाणी मुंबईच्या निम्मंच चढतं-उतरतं, पण नदीचं तोंड अरुंद, म्हणून ओढ कमी समजू नको.

चौपाटीकर

पाऊणपट! माझ्या आजीने शिकवली होती. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक घेऊन मी ताडून पाहिलंय, मुंबईला अर्ध्यापाऊण तासाच्या आत बसते. मात्र प्रवाह सगळ्यात जोरात कधी, तर भरतीच्या मधल्या दोन तासांत. सुरुवातीला आणि शेवटी मंद.

ढगोबा

एक राहिलं. वारा नाही, भरती-ओहोटीही ठीक, तरी लाटा मोठ्या, असं एप्रिल-मेमध्ये होतं. दक्षिण हिंदी महासागरात, हजारो किलोमीटर दूर वादळ होतं आणि त्याची लांब, संथ लाट चार-पाच दिवसांनी आपल्याकडे पोचते. केरळात तिला ‘कळ्ळक्कडल’ म्हणतात, चोर समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था अशा लाटांचे इशारे देते, जिल्हावार. ते वाचायची सवय लावा. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार चक्रीवादळ किनाऱ्याला धडकलंच नाही, दूर समुद्रातून पश्चिमेला निघून गेलं, तरी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर समुद्र घरांपर्यंत आला होता. ‘वादळ आपल्याकडे येत नाहीये’ याचा अर्थ ‘समुद्र येत नाहीये’ असा होत नाही.

आणि पावसाळ्यात नाव काढू नका. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद असतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. ‘एखाद्या दिवशी उघडीप असते हो’ म्हणणारे दरवर्षी भेटतात.

नवी शिडी

धागा वाचनखुणेत टाकला. बाळबोध प्रश्न: मी पूर्ण नवशिकी आहे, शिकायला कुठे जाऊ?

पतंगबाज

तारकर्लीला एमटीडीसीची इसदा ही प्रशिक्षण संस्था आहे, मुख्यतः स्कूबासाठी. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था. खाजगी शिकवण्या पुष्कळ. पहिल्या दिवशी वाळूवर बसवून वारा कुठून येतोय हे विचारणारा शिक्षक मिळाला तर पैसे द्या. थेट पाण्यात ढकलणारा असेल तर चहा पिऊन परत या.

वल्हेवाला

फेब्रुवारीत परत जाऊन आलो, म्हणून धागा वर काढतोय.

मुद्दाम चतुर्थी गाठली. चाराची पाऊणपट तीन, तास वजा, दोनला भरती. म्हणजे आठच्या सुमारास सुकती संपून पाणी आत यायला लागणार. साडेसातला जेटीवर जाऊन बसलो. जेटीच्या खांबाला शेवाळाचा हिरवा पट्टा होता, त्याच्याखाली वीतभर ओला काळा दगड. आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत काही नाही. मग नांगरलेल्या होड्यांची तोंडं एकेक करून फिरायला लागली, इतकी हळू की आधी वाटलं मलाच भास होतोय. सगळ्या होड्या संगमाकडे तोंड करून उभ्या राहिल्या तेव्हा बोर्ड पाण्यात टाकला. जॅकेट अंगात, दोरी कमरेला.

तारकर्लीच्या बाजूला वर गेलो. पाणीच नेत होतं. सव्वादहाला काठावरची चुडतं निपचित, अकराला पश्चिमेकडची हलली, आणि येताना वायव्येचा वारा पाठीवर होता. भरती अजून समोरून येत होती. संगमाच्या बऱ्याच अलीकडे बाहेर पडलो.

जेटीवर तेच काका जाळं विणत बसले होते, डिसेंबरवाले. मी ओळख दिली. त्यांनी बोर्डाकडे पाहिलं, जॅकेटकडे पाहिलं, आणि या खेपेला बोलले.

“दोर आणूचो काय?”

रापणकर

😄 ते माझे काका.